एक पूर्ण तिकीट

१९७९ सालच्या मे महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, आयव्ही क्रोसन दहा वर्षांनी लहान झाली. घरून निघाली तेव्हा ती पासष्टची होती. हार्सबीच्या स्पीडवे ट्रॅकचं लोखंडी फिरतं फाटक ढकलून आत गेली तेव्हा पंचावन्नची. मध्ये घडलं ते एवढंच.

तिकिटाच्या खिडकीशी तिच्या पुढे एक माणूस उभा होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. ताठ पाठ, डोक्याला टोपी, कोटाच्या वरच्या खिशात तीन पेन्सिली, तिन्ही टोकदार. खिडकीवरची पाटी तो बोट ठेवून वाचत होता.

“प्रौढ, एक पौंड. सोळा वर्षांखालील, पन्नास पेन्स. पेन्शनर, स्त्रिया साठ आणि पुरुष पासष्ट, पन्नास पेन्स.” तो म्हणाला, “आता मला सांगा, मी एकसष्टचा. रेल्वेने माझी सिग्नल केबिन बंद केली आणि मला घरी पाठवलं. काम नाही, पगार नाही, तरी मी प्रौढ. माझ्याच वयाची बाई मात्र इथे पेन्शनर. हा कुठला न्याय?”

खिडकीच्या आत नोरा स्पाइट बसली होती. तिने चष्मा वर सरकवला.

“मिस्टर, नियम मी केलेला नाही. मी भोकातून तिकिटं सरकवते. पुरुषाला मोठं व्हायला पाच वर्षं जास्त लागतात, म्हणून असेल.”

रांगेत हशा पिकला.

“हसण्यावारी नेऊ नका, बाई.”

“नेत नाही. एक पौंड. तुमच्या मागे माणसं खोळंबलीत.”

तो मागे वळला. मागे आयव्ही होती. त्याने टोपी किंचित उचलली. डोळे फिकट निळे, लांबून येणाऱ्या गाडीकडे बघायची सवय असलेले.

“माफ करा हं,” तो म्हणाला. “तुम्हाला यात ओढायला नको. तुमची ती वेळ यायला अजून पाच-सहा वर्षं तरी आहेत.”

तो खुशामत करत नव्हता, अडचण तिथेच होती. सिग्नल पडला आहे की नाही हे सांगावं, तशा आवाजात त्याने ते सांगितलं होतं.

नोराचा हात सवयीने हिरव्या तिकिटांकडे गेला होता. गेली पाच वर्षं दर शनिवारी ती आयव्हीला हिरवं, पेन्शनरचं, अर्धं तिकीट देत आली होती. त्याआधी वीस वर्षं दोघी वाटाण्याच्या कारखान्यात एकाच सरकत्या पट्ट्याशी उभ्या राहून वाटाणे निवडत होत्या. एकमेकींचं वय त्यांना तोंडपाठ होतं.

“एक पूर्ण,” आयव्ही म्हणाली.

“काय म्हणालीस?”

“एक पूर्ण, नोरा. पिवळं.”

नोराने पिवळं तिकीट फाडलं. ते सरकवताना मात्र ती खिडकीच्या भोकाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “तब्येत बरी आहे ना गं तुझी?”

*

हार्सबीच्या संघाला सगळे ‘बगळे’ म्हणत. छातीवर पांढऱ्या बगळ्याचं चित्र, म्हणून बगळे. एप्रिल ते ऑक्टोबर, दर शनिवारी संध्याकाळी, चार चार स्वार ब्रेक नसलेल्या मोटारसायकलींवरून लाल चुऱ्याच्या ट्रॅकवर चार फेऱ्या मारायचे, आणि गावातली तीन हजार माणसं त्यांचे गुण पेन्सिलीने छापील पत्रिकेत भरायची. हवेत इंजिनांत जळलेल्या एरंडेलाचा वास असे. तो वास कोटात बसला की बुधवारपर्यंत जात नसे, आणि तो जावा असं कुणाला वाटतही नसे.

आणि फीत. हार्सबीत हे लहान पोरालाही माहीत होतं: बगळ्याचा बिल्ला एकदाच घ्यायचा, पण त्याच्याखाली दर वर्षी त्या सालाचा आकडा कोरलेली एक छोटी पितळी पट्टी घ्यायची आणि ती कापडाच्या फितीवर शिवायची. फीत घराची असे. वाईट दिवसांत एका घराला एकच परवडायची, तेव्हापासून रिवाज पडला होता, एका घराची एक फीत. जो कुणी शनिवारी जाईल तो ती छातीला लावून जाई.

आयव्हीच्या घरात माणूस एकच होतं. वडील गेल्यापासून ती एकटी होती. लग्न करायचं राहून गेलं होतं. कुणी विचारलं नव्हतं असं नाही, पण ज्यांनी विचारलं त्यांना शनिवारी दुसरीकडे कुठेतरी जायचं असे. तिची फीत हिरव्या बनातीची होती आणि तिच्यावर पंचेचाळीस पट्ट्या होत्या. पहिली १९२९ची, ट्रॅक सुरू झाला त्या वर्षाची. तेव्हा आयव्ही पंधराची होती आणि मुलांच्या अर्ध्या तिकिटावर आत गेली होती. १९३९नंतर युद्धाची रिकामी वर्षं, मग १९४६पासून एकही न चुकवता आजपर्यंत.

त्या संध्याकाळी तिने फितीवर गळपट्टा ओढून घेतला.

टोपीवाला माणूस दुसऱ्या वळणावर, अगदी कठड्याला चिकटून उभा होता. हातात परीक्षेला नेतात तसलं पॅड, पॅडला लावलेली पत्रिका, आणि दुसऱ्या हातात चहा. तिथे हार्सबीतला कुणी शहाणा माणूस उभा राहत नसे.

“तिथे नका उभे राहू,” आयव्ही म्हणाली.

“का? इथून सगळं दिसतं.”

“दिसतं खरं. पण—”

चार गाड्या वळणावर आडव्या झाल्या, मागची चाकं बाहेर फेकली गेली, आणि लाल चुऱ्याची एक लाट कठड्यावरून आत आली. ती ओसरली तेव्हा त्या माणसाचा चेहरा विटेच्या रंगाचा झाला होता. चहाही.

“...पण पाऊलभर मागे आलात तर चहा प्यायला मिळतो,” आयव्हीने वाक्य पुरं केलं.

तो मागे आला. रुमालाने तोंड पुसताना भुवया तेवढ्या लाल राहिल्या.

“मला वाटलं तुम्ही तुमची जागा राखताय.”

“माझी जागा राखावी लागत नाही. पन्नास वर्षं—” ती थांबली. “पुष्कळ वर्षं मी इथेच उभी राहते.”

“मी सिरिल डॉब्स. बहिणीच्या शेजारी राहायला आलोय. तुम्ही?”

“मिस क्रोसन.”

“मिस,” तो म्हणाला, आणि उगाचच पेन्सिलीचं टोक तपासलं.

*

घरी गेल्यावर आयव्हीने नखं कापायची कात्री घेतली आणि फितीच्या वरच्या अकरा पट्ट्यांचे टाके एकेक करून उसवले. १९२९ ते १९३९. खालच्या चौतीस राहू दिल्या. पंचावन्न वर्षांची बाई १९४६ साली बावीसची असते, ते बरोबर बसत होतं. अकरा पट्ट्या तिने बटणांच्या डबीत टाकल्या.

पुढच्या शनिवारी नोराने फितीकडे एकदा आणि आयव्हीकडे दोनदा बघितलं.

“बाकीच्या कुठे गेल्या?”

“डबीत आहेत.”

“अगं, त्या वडिलांच्या आहेत म्हणून सांगायचं. घराची फीत असते. कुणाला कळलं असतं?”

“ते खोटं झालं असतं.”

“आणि हे काय आहे?” नोरा म्हणाली आणि पिवळं तिकीट फाडलं.

जूनभर आयव्ही रोज आरशात जरा जास्त वेळ दिसू लागली. निळ्या हातमोज्यांचा जोड निघाला. सिरिल डॉब्स प्रत्येक शनिवारी तिच्या शेजारी, पाऊलभर मागे, उभा राही. स्वार वळणावर येताना तो पॅड आडवं धरून चहा झाके. सुरुवातीला स्वतःचा झाकत असे. जूनच्या तिसऱ्या शनिवारी त्याने आधी तिच्या पेल्यावर पॅड धरलं आणि स्वतःच्या चहात चुरा पडू दिला. आयव्हीने ते पाहिलं आणि पत्रिकेत भलत्याच रकान्यात आकडा लिहिला.

“तुम्ही आमच्या माणसाला शून्य दिलंत, मिस्टर डॉब्स.”

“तो चौथा आला.”

“तो पडला. पडलेल्याची खूण वेगळी असते.”

“आमच्याकडे गाडी रुळावरून उतरली की चार कागद भरावे लागत.”

“इथे एक अक्षर पुरतं. द्या, मी लिहिते.”

त्याने पॅड दिलं. पेन्सिल देताना हातमोज्याला त्याचं बोट लागलं... आणि पुढच्या शर्यतीत कोण जिंकलं ते दोघांनाही शेजाऱ्याला विचारावं लागलं.

“तुम्ही कारखान्यात आहात का अजून?” त्याने एकदा विचारलं.

“सोडला.”

“इतक्या लवकर?”

“पाठ... पाठ दुखायची.”

पहिलं खोटं ती नुसती गप्प राहिली म्हणून झालं होतं. हे तिने स्वतःच्या तोंडाने केलं. त्या रात्री तिने डबी उघडली, सुईत हिरवा दोरा ओवला, आणि मग दोरा काढून ठेवला. सांगितलं तर तो हसेल, किंवा टोपी उचलून माफी मागेल आणि पुढच्या शनिवारी पहिल्या वळणावर जाऊन उभा राहील. दोन्हींतलं काय जास्त वाईट, ते तिला ठरवता येईना. डबी तिने पर्समध्ये टाकली. उद्या शिवू. असे पुष्कळ उद्या गेले.

*

सिरिल डॉब्सने मात्र तिकिटाचा विषय सोडला नव्हता. सव्वीस वर्षं केबिनमध्ये खटके ओढलेला माणूस तो, कुठलाही खटका अर्धवट ओढून सोडणं त्याला जमत नसे. त्याने अर्ज लिहिला: पुरुषांनाही साठाव्या वर्षी अर्धं तिकीट द्यावं. मध्यंतरात तो पॅड घेऊन माणसामाणसापाशी जाई. जुलै उजाडेपर्यंत एकशे चाळीस सह्या झाल्या. ट्रॅकचा मालक होता हॅरल्ड ब्रंटन, जाड मिशांचा, मनाने वाईट नसलेला, पण बेरीज आधी आणि बोलणं नंतर असा माणूस. त्याने अर्ज ठेवून घेतला.

पंधरवड्याने पत्रिकेच्या पहिल्या पानावर चौकट आली. ‘प्रेक्षकांच्या मागणीस मान देऊन स्त्री-पुरुष भेद रद्द करण्यात येत आहे. एक ऑगस्टपासून अर्धं तिकीट सर्वांना समान वयात: पासष्ट.’

सिरिलने चौकट तीनदा वाचली.

“मी खाली आणायला सांगितलं होतं,” तो म्हणाला. “यांनी वर नेलं.”

“समान झालं की,” मागून कुणीतरी बाई म्हणाली. “घ्या तुमचं समान.”

त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर सिरिलला साखर मिळाली नाही. संपली म्हणाले. त्याच्या मागच्याला मिळाली. साठ ते पासष्टमधल्या पन्नास-साठ बाया दर शनिवारी येत. कारखान्यातल्या, लाँड्रीतल्या, शाळेत जेवण वाढणाऱ्या. त्यांना त्या चौकटीने पुन्हा प्रौढ करून टाकलं होतं. त्यांपैकी कुणीही सिरिलशी बोलेना. त्याच्या शेजारी उभी राहणारी एकटी आयव्ही, आणि आयव्हीचं काहीच जात नव्हतं. जुना नियम असो वा नवा, तिचं अर्धं तिकीट पक्कं होतं. फक्त ते तिला मागता येत नव्हतं.

“तुम्ही तरी माझ्यावर रागावला नाहीत,” सिरिल म्हणाला.

“नाही,” आयव्ही म्हणाली. पर्समधली डबी तिला विटेएवढी जड वाटत होती.

*

बायांनी आरडाओरड केली तेव्हा ब्रंटनने सभा बोलावली. ऑगस्टचा पहिला शनिवार, दुपारी चार वाजता, चहाच्या टपरीमागच्या लांब खोलीत. नोराही खिडकी उघडायच्या आधी येऊन बसली होती. सिरिल पहिल्या रांगेत, मांडीवर पॅड. आयव्ही तिसऱ्या रांगेत, नोराच्या शेजारी.

बाया तावातावाने बोलल्या. ब्रंटनने सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून सिरिलचा अर्ज काढला.

“बायकांवर अन्याय झाला म्हणता. मिस्टर डॉब्सनी अर्जाला एक पत्र जोडलंय, ते वाचतो.” त्याने चष्मा लावला. “‘माझ्या ओळखीच्या मिस आयव्ही क्रोसन, वय पंचावन्न, पाठीच्या दुखण्यामुळे कारखाना सोडावा लागला, तरी दर शनिवारी पूर्ण तिकीट काढतात आणि चकार शब्द बोलत नाहीत. अशा माणसांकडे पाहून तरी सूट कुणाला आणि का, याचा विचार व्हावा.’” त्याने कागद खाली ठेवला. “बघा. ही बाई काम नसताना पूर्ण पैसे देते आणि तक्रार करत नाही. मग बाकीच्यांनाच कसला त्रास होतोय?”

त्या खोलीत निदान तीस बाया अशा होत्या, ज्यांना आयव्ही क्रोसनचं वय ठाऊक होतं. सगळ्यांनी नुसतं तिच्याकडे बघितलं.

सिरिलही मागे वळून बघत होता, जरा अभिमानाने. तिचं नाव पत्रात घातल्याचं त्याने तिला सांगितलं नव्हतं. ते तिला आवडेल असं त्याला वाटत होतं.

गप्प बसलं की झालं असतं. शनिवार, पॅड, झाकलेला चहा, सगळं होतं तसं राहिलं असतं. आणि या बाया आज संध्याकाळपासून पूर्ण तिकीट काढून तिच्या मागे उभ्या राहिल्या असत्या.

आयव्ही उठली.

“मिस्टर ब्रंटन, त्या पत्रात एक चूक आहे.”

“कोणती?”

“वय. मी पासष्टची आहे. मार्चमध्ये झाले. पाच वर्षं मी हिरवं तिकीट घेत होते, नोराला विचारा. या मे महिन्यापासून पिवळं घेते, ते... ते माझं खासगी कारण आहे. मिस्टर डॉब्सना माहीत नव्हतं. त्यांची चूक नाही.”

सिरिलने मान पुढे वळवली. आता तिला फक्त त्याची पाठ दिसत होती.

“म्हणजे तुमचं काही जातच नाही,” ब्रंटन म्हणाला. “मग तुमची तक्रार काय?”

“माझी नाही. बेचाळीस वर्षं मी वाटाण्याच्या पट्ट्याशी होते. समोर पुरुष उभा असायचा. तोच पट्टा, तेच वाटाणे. त्याला तीन मिळाले की मला दोन. समान पगाराचा कायदा आला, तो मी घरी बसल्यावर दीड वर्षाने. तेव्हा शनिवारी तुमच्या खिडकीवर ‘स्त्रिया, दोन तृतीयांश’ अशी पाटी नव्हती. तेव्हा आम्ही प्रौढच होतो. मिस्टर डॉब्स म्हणतात तेही चूक नाही. ज्याचं काम गेलं त्याला एकसष्टाव्या वर्षी पूर्ण तिकीट, हे बरोबर नाहीच. पण त्यांना द्यायचं तर या बायकांच्या खिशातून काढून कशाला?”

“मग सगळ्यांना साठला देऊ? मग मीच फाटकाबाहेर टोपी घेऊन बसतो.” ब्रंटन म्हणाला, आणि काहीजण हसले. “कुठलंतरी वय धरावंच लागतं, मिस क्रोसन.”

“वय कशाला? वय विचारलं की माणसं खोटं बोलतात. माझ्याकडेच बघा.” तिने पर्स उघडली, डबी काढली आणि झाकण उघडून पुढच्या टेबलावर पालथी केली. बटणांबरोबर अकरा पट्ट्या घरंगळत बाहेर आल्या. “फितीवरच्या पट्ट्या मोजा. वीस वर्षं जो इथे उभा राहिला, पावसात, हरताना, त्याला अर्धं तिकीट. पुरुष असो की बाई, चाळीसचा असो की साठचा.”

ब्रंटनने मिशीवरून हात फिरवला. तो मनातल्या मनात बेरीज करत होता हे सगळ्यांना दिसत होतं. बेरीज जमली असावी.

“वीस पट्ट्या,” तो म्हणाला.

“आणि एका घराची एक फीत,” नोरा बसल्या जागेवरून म्हणाली. “रिवाज आहे तो. फीत घरातल्या सगळ्यांची. तोही पाटीवर लिहा.”

“लिहितो. चला, गाड्या तयार व्हायच्यात.”

हा न्याय होता का, ते सांगणं कठीण. गावात नव्याने आलेल्या, काम गेलेल्या माणसाला या नियमात काहीच नव्हतं, आणि असा एक माणूस पहिल्याच रांगेत बसला होता. तो उठला, टोपी घातली आणि कुणाकडेही न बघता दारातून बाहेर पडला. पॅड बाकावरच राहिलं.

*

त्या संध्याकाळी आयव्हीच्या शेजारची जागा रिकामी राहिली. तिने चहात दोनदा चुरा पाडून घेतला. मग तिसऱ्या शर्यतीआधी ती मागे गेली, आणखी एक पत्रिका विकत घेतली, ती सभेच्या बाकावरून आणलेल्या सिरिलच्या पॅडला लावली आणि दोन्ही पत्रिका भरू लागली. आधी त्याची, मग स्वतःची. पत्रिका जमवणाऱ्याच्या गठ्ठ्यात एखादा शनिवार कमी पडला की त्याला आयुष्यभर खुपत राहतं, हे तिला माहीत होतं. ते आपल्यामुळे खुपू नये, एवढंच तिच्या हातात होतं.

पुढच्या शनिवारीही तो आला नाही. नोराने हिरवं तिकीट फाडलं. फीत पुन्हा पंचेचाळीसची झाली होती.

“हिरवा रंगच तुला शोभतो,” नोरा म्हणाली. पण त्यात तिची नेहमीची धार नव्हती. “येईल गं. पुरुषाला पाच वर्षं जास्त लागतात.”

“माझ्याकडे तेवढी नाहीत.”

तिसऱ्या शनिवारी पाऊस आला. पाचव्या शर्यतीनंतर आला, बारीक, तिरका, आवाज न करणारा. ट्रॅकचा लाल रंग गडद होत गेला, स्वार चष्मे पुसत थांबून राहिले, आणि शेवटी भोंग्यावरून सांगितलं की आज एवढंच. माणसं कोटाच्या कॉलर वर करून निघाली. आयव्ही वळणावर उभी राहिली. पत्रिका भिजू नयेत म्हणून तिने पॅड कोटाच्या आत धरलं होतं... एरंडेलाचा वास पावसात विरत गेला, आणि कठड्यावरून थेंब ओघळत राहिले. मग तीही निघाली.

चौथ्या शनिवारी ती आली तेव्हा तो तिथे उभा होता. पाऊलभर मागे, जिथे उभं राहायचं तिथे. खिशात तीन पेन्सिली.

“माझं पॅड राहिलं होतं,” तो म्हणाला.

तिने ते दिलं. त्याने पाहिलं: वर आजच्या पत्रिकेसाठी मोकळी जागा, खाली तीन पत्रिका, तिन्ही भरलेल्या. तिसरी पाचव्या शर्यतीपर्यंत, आणि त्यापुढे तिच्या बारीक अक्षरात: पाऊस.

तो बराच वेळ वाचत होता.

“पहिल्या रात्री, आठव्या शर्यतीत, तिसरा कोण होता?”

“लिहिलंय की.”

“खाडाखोड आहे.”

“डोळ्यांत चुरा गेला होता,” आयव्ही म्हणाली.

त्याने पॅड काखेत धरलं. “तुम्ही वय लपवलंत त्याचं मला काही नाही, मिस क्रोसन. पण सव्वीस वर्षांत माझ्या केबिनमधून एकदाही चुकीचा सिग्नल गेला नाही. आणि तुमच्या नावावर चुकीचं वय लिहून मी ते एकशे चाळीस सह्यांच्या वर ठेवलं. मला सांगायचं होतंत.”

“हो. सांगायचं होतं.”

“का नाही सांगितलंत?”

“तुम्हीच मला पंचावन्नची केलीत. फाटकापाशी, सगळ्या रांगेसमोर. मी फक्त नाही म्हटलं नाही.” ती ट्रॅककडे बघत बोलत होती. “कित्येक वर्षांत मला कुणी लहान म्हटलं नव्हतं, मिस्टर डॉब्स. आठवड्याला पन्नास पेन्स जास्त पडले. मला महाग वाटले नाहीत.”

पहिल्या शर्यतीचे चार स्वार रेषेवर येऊन उभे राहिले. गाड्या गुरगुरत होत्या.

“मी अजूनही तेच म्हणेन,” सिरिल म्हणाला.

“काय?”

“की तुमची ती वेळ यायला अजून पाच-सहा वर्षं आहेत.”

आयव्हीने हातमोजा काढला आणि पुन्हा घातला.

“तुमच्या नियमाचा मी हिशोब मांडला,” तो पुढे म्हणाला. “माझ्याकडे एक पट्टी. यंदाची. म्हणजे मला अर्धं तिकीट मिळणार ऐंशीव्या वर्षी.”

“तोवर थांबता येणार नाही का?”

“येईल. पण एकट्याने कंटाळा येईल.” तो खाकरला. “खिडकीवर नवी पाटी वाचली मी. एका घराची एक फीत. म्हणजे असं की... ज्या घरात पंचेचाळीस पट्ट्या आहेत, त्या घरात जर—”

फीत वर उडाली, म्हणजे सुटण्याच्या रेषेवरची, आणि चारही गाड्या एकदम सुटल्या. चार फेऱ्यांना सत्तर सेकंद लागतात. सत्तर सेकंद हार्सबीत कुणालाच काही ऐकू येत नाही. सिरिल तोंड अर्धं उघडं ठेवून उभा राहिला. स्वार वळणावर आले तेव्हा त्याने पॅड तिच्या चहावर धरलं. शर्यत संपली. दोघांनी आधी गुण भरले. ते आधी भरायचे असतात.

“तुम्ही काहीतरी म्हणत होतात,” आयव्ही म्हणाली.

“पन्नास पेन्ससाठी विचारतोय असं समजू नका.”

“मग कशासाठी?”

त्याने बराच विचार केला. “तुमच्या चहावर कुणीतरी पॅड धरायला पाहिजे.”

“तीन शनिवार मी चुरा घातलेला चहा प्यायले.”

“म्हणजे?”

“म्हणजे हो, मिस्टर डॉब्स.”

“सिरिल,” तो म्हणाला.

“दुसरी शर्यत लागतेय, सिरिल. पेन्सिल धरा.”

*

हंगाम संपल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, नोंदणी कचेरीत त्यांचं लग्न झालं. साक्षीदार नोरा. कचेरीतल्या माणसाने वय विचारलं तेव्हा आयव्हीने ते खणखणीत आवाजात सांगितलं. हिरव्या फितीच्या शेवटच्या ओळीत १९७९ची दुसरी पट्टी शिवली गेली. एकाच सालाच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी असलेली हार्सबीतली ती एकच फीत.

हॅरल्ड ब्रंटनने आणखी बारा वर्षं ट्रॅक चालवला, मग पुतण्याच्या हाती दिला आणि समुद्राकाठी राहायला गेला. वीस पट्ट्यांचा नियम पुतण्यानेही ठेवला. पुष्कळ वर्षांनी सरकारनेही पेन्शनचं वय समान करायला घेतलं, आणि तेही खाली आणून नाही, वर नेऊन. ती बातमी वाचून ब्रंटनने आयव्हीला एक कार्ड पाठवलं होतं. त्यात फक्त ‘बघा’ एवढंच लिहिलं होतं.

नोरा सत्तर वर्षांची होईपर्यंत खिडकीत बसली. गुडघे गेले तेव्हा ती मुलीकडे गेली, आणि तिथून दर सोमवारी आयव्हीला फोन करून बगळ्यांचे गुण विचारत राहिली. एका वसंतात फोन आले नाहीत.

सिरिलने अठरा हंगाम अर्ध्या तिकिटावर पाहिले आणि प्रत्येक वर्षाची पट्टी स्वतः शिवली, कारण टाके सरळ यायला हवेत. १९९७च्या डिसेंबरात, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या, तो गेला. स्वतःच्या अशा त्याच्या एकोणीस पट्ट्या झाल्या होत्या. एकच कमी होती.

१९९८च्या एप्रिलमध्ये पहिल्या शनिवारी आयव्ही डॉब्स फाटकापाशी आली. ती चौऱ्याऐंशीची होती. फीत आता इतकी लांब होती की तिने ती खांद्यावरून घेतली होती, आणि तिच्या टोकाला नवी कोरी पट्टी होती, जरा वाकडी शिवलेली. खिडकीत एक नवी मुलगी होती. तिने फितीकडे बघितलं आणि मोजायच्या भानगडीत न पडता हिरवं तिकीट फाडायला घेतलं.

“एक पूर्ण,” आयव्ही म्हणाली.

“आजी, तुम्हाला अर्धं आहे. केव्हापासूनच असेल.”

“माहीत आहे, बाळ,” आयव्ही म्हणाली. “आज पिवळंच दे.”